तिसऱ्या ड्रायरमागे

आधीच सांगून टाकते, माझ्या सासूबाई काही थोरबिर नाहीत. घोरतात. चहात साखर कमी पडली की तोंड फुगवून बसतात. आणि कुणी गुपित सांगितलं तर ते त्यांच्या पोटात दोन दिवस टिकत नाही. या शेवटच्या खोडीपायी माझी नोकरी जायची वेळ आली होती. तरी त्यांच्याविषयी कुणी वाकडं बोललं तर मी ऐकून घेत नाही. का, ते सांगते.

आम्ही दोघी एकाच लॉन्ड्रीत कामाला आहोत. मोठ्या हॉस्पिटलची लॉन्ड्री, तळघरातली. मळकं कापड एका दारानं आत येतं, धुतलेलं दुसऱ्या दारानं बाहेर जातं. मधल्या हॉलमध्ये धुलाईची मशिनं, भिंतीला लागून पाच ड्रायर आणि शेवटी घड्या घालायची टेबलं. सासूबाई घडीच्या टेबलावर सव्वीस वर्षं आहेत. मी लग्नानंतर लागले, तीन वर्षांपूर्वी, त्यांच्याच समोर. मोठी चादर एकटीला घडी घालता येत नाही. दोघींनी दोन-दोन कोपरे धरायचे, झटकायची, ताणायची, मग एकमेकींकडे चालत यायचं. दिवसातून चारशे वेळा मी सासूच्या तोंडासमोर जाते आणि मागे येते. घरी सकाळी आमचं कितीही वाजलेलं असो, इथे सुटका नाही.

तर या बाई विज्ञानकथा लिहितात.

हसू नका. मीही हसले होते, तेव्हा आठ दिवस माझ्याशी बोलल्या नव्हत्या. शिक्षण सातवीपर्यंत. वॉर्डातून मळक्या चादरींच्या गठ्ठ्यात रोग्यांनी टाकून दिलेली मासिकं यायची, त्यात ग्रहताऱ्यांच्या, यंत्रमानवांच्या गोष्टी असायच्या. बाकीच्या बायका ती रद्दीत टाकायच्या, या घरी आणायच्या. दहा-बारा वर्षं नुसत्या वाचल्या. मग एक दिवस म्हणाल्या, यापेक्षा बरं मी लिहीन. आणि लागल्या लिहायला, लॉन्ड्रीच्या जुन्या वह्यांच्या कोऱ्या पानांवर.

त्यांच्या प्रत्येक गोष्टीत एकच खेळ असतो. लपाछपी. एका गोष्टीत एक माणूस शत्रूला चुकवण्यासाठी कालच्या दिवसात जाऊन लपतो, आणि शत्रू त्याला आज, उद्या, परवा असा शोधत बसतो. एका गोष्टीत सबंध ग्रहच दुसऱ्या ग्रहाच्या आड लपलेला असतो, हजार वर्षं. एकदा त्यांनी अदृश्य माणसांचं गाव लिहिलं. तिथली पोरं लपाछपी खेळायला बसतात आणि रडकुंडीला येतात, कारण कुणी कुणाला सापडतच नाही.

"आई, तुम्हाला दुसरं काही सुचत नाही का?" मी एकदा चादर ताणता ताणता विचारलं.

"दुसरं असतंच काय?" त्या म्हणाल्या. "आकाश एवढं मोठं, जहाज एवढंसं, आणि जहाजात डोळे मिटत नाही असं यंत्र. मग माणसानं लपायचं कुठे? सगळी गोष्ट तीच."

लहानपणी त्या घरात सगळ्यांत धाकट्या. खेळात कायम लिंबूटिंबू. म्हणजे खेळायला घ्यायचं, पण धरायचं नाही. त्या लपायच्या, पण त्यांना शोधायला कुणी यायचंच नाही, आणि राज्यही कधी यायचं नाही. हे सांगताना अजून त्यांचा आवाज चढतो. साठीला आल्यात, पण राग गेलेला नाही.

त्यांची जहाजं आतून आमच्या लॉन्ड्रीसारखीच. वाफ, नळ, गरम पिंपं, कोपऱ्यात साठलेला कापसासारखा धागा. मी म्हणायची, "परग्रहावरची माणसं चादरींच्या घड्या कशाला घालतील?" तर म्हणायच्या, "झोपत नाहीत का ती?"

लॉन्ड्रीत चहाच्या मशीनशेजारी एक फलक आहे. 'कामगारांचे कलागुण' असं वर रंगवलेलं. ही हौस आमच्या मॅनेजरसाहेबांची. कुणी फुलाचं चित्र लावायचं, कुणी सुविचार. सासूबाई दर सोमवारी गोष्ट लावायच्या. आधी साहेब ती वाचणार, खाली 'मंजूर'चा शिक्का मारणार, मग ती फलकावर चढणार. साहेबाला गोष्टी आवडायच्या, हे खोटं नाही बोलणार. वय तिशीचं, चष्मा, वागायला तसा सभ्य. पण मोजायचा भारी नाद. त्यानंच आमच्या मनगटांवर पट्टे बांधले.

पट्ट्याचं असं होतं. हॉलभर भिंतींवर हिरव्या दिव्याचे डबे बसवले होते. पट्टा त्या डब्यांना कळवायचा की ही बाई कुठे आहे आणि हलतेय की नाही. सहा मिनिटं एका जागी स्वस्थ बसलात की साहेबाच्या पडद्यावर तुमच्या नंबरासमोर लाल टिंब. तीन टिंबं झाली की घरी. संडासाच्या दारावरही डबा होता, तिथे चार मिनिटं. आम्ही त्याला मागे टिंबसाहेब म्हणायचो.

आणि माझी मुलगी तेव्हा साडेतीन महिन्यांची होती.

ती दिवसभर शेजारणीकडे. मी सहाला घर सोडायची, दहा वाजेपर्यंत छाती दगड व्हायची. दूध काढलं नाही तर दुखायचं, गळायचं, कपडे ओले व्हायचे आणि दुसऱ्या दिवशी ताप. काढायला पंधरा मिनिटं लागतात, आणि ती बसूनच लागतात. मी अर्ज दिला होता, दार लावता येईल अशी एक जागा द्या म्हणून. त्यावर शेरा आला, 'जागा उपलब्ध नाही'. त्या इमारतीत झाडू ठेवायला स्वतंत्र खोली आहे, कुलपासकट.

मग जागा मीच शोधली. तिसऱ्या ड्रायरच्या मागे, भिंत आणि मशीन यांच्यामध्ये, एक माणूस मावेल एवढी फट आहे. तिथे चहूकडून जाड पत्रा, त्यामुळे पट्ट्याची चुगली डब्यापर्यंत पोचायची नाही. खबर पोचली नाही तर टिंबही नाही. मी दहाला उलट्या बादलीवर बसायची, छोट्या हातपंपानं दूध काढायची, बाटली बर्फाच्या डब्यात ठेवायची. उकाडा असा की कपाळावरचा घाम बाटलीत पडू नये म्हणून डोकं मागे धरून बसावं लागायचं. पण मुलीला दूध मिळत होतं.

हे मी एका माणसाला सांगितलं. सासूबाईंना. कारण पंधरा मिनिटं समोरची चादर त्यांना एकटीनं सांभाळावी लागायची.

त्या सोमवारी फलकावर नवी गोष्ट लागली. मी चहा घेता घेता वाचली आणि कप हातातच राहिला. एक जहाज. त्यात एक यंत्र, ज्याच्यावर कायमचं राज्य आहे, ते सगळ्यांना शोधत फिरतं. जहाजात झाड लावायला बंदी. तरी एका मुलीनं एक रोप जगवलंय. आपल्या वाटणीचं पाणी ती त्याला घालते. आणि कुठे लपते? तर 'तिसऱ्या तापत्या पिंपामागे, जिथे यंत्राचे कान बधिर होतात'.

"आई!" मी टेबलाशी येऊन दात-ओठ खात म्हटलं. "काय लिहून बसलात हे?"

"का? बरी नाही झाली?"

"अहो, जागा सांगितलीत तुम्ही!"

"छे गं. ते जहाज आहे." त्या चादर झटकत म्हणाल्या. "गोष्टीत कोण जागा शोधतंय?"

टिंबसाहेब शोधत होता. अख्ख्या जगात विज्ञानकथा वाचून हॉलमधले ड्रायर मोजणारा एकच माणूस असेल, आणि तो आमच्या नशिबी आला. मंगळवारी दहाला मी फटीत शिरले तर समोर पत्र्यावर नवाकोरा डबा, हिरवा दिवा लुकलुकतोय. सहाव्या मिनिटाला पट्टा थरथरला. पहिलं टिंब. बुधवारी दुखणं सोसवेना म्हणून पुन्हा बसले. दुसरं टिंब. गुरुवारी बसलेच नाही. छाती बांधून तशीच उभी राहिले, आणि संध्याकाळी मला हुडहुडी भरली. मुलगी रडत होती, मला तिला जवळ घेववत नव्हतं.

तेव्हा मी सासूबाईंना नाही नाही ते बोलले. "तुमच्या गोष्टीनं माझ्या पोरीच्या तोंडचं काढून घेतलं," असंही बोलले. त्या एरवी एकाला दोन ऐकवणाऱ्या. त्या दिवशी ताटावरून उठल्या, माझ्या कपाळावर गार पाण्याची पट्टी ठेवली आणि म्हणाल्या, "चूक झाली माझी." तीन वर्षांत पहिल्यांदा. मला वाटलं, संपलं, आता या लिहिणार नाहीत.

कसलं काय! शुक्रवारी सकाळी चहाच्या आधी वही घेऊन बसल्या होत्या.

"आता काय उरलंय लिहायला?" मी विचारलं.

"त्याला माझ्या गोष्टी खऱ्या वाटतात ना?" त्या म्हणाल्या. "मग वाटू देत की. चांगल्या पोटभर वाटू देत."

पुढच्या सोमवारी गोष्टीचा दुसरा भाग लागला. यंत्राला पिंपामागची जागा कळली, म्हणून मुलीनं रोप हलवलं. आता ती रोज 'दुसऱ्या भोंग्याला हवेच्या चाळणीत' जाते. आमच्याकडे पहिला भोंगा सातला, दुसरा दहाला. आणि ड्रायरमधून उडालेला धागा अडवायला चाळण्या आहेत, त्यांची एक लांबट, काळोखी खोली आहे. शिक्का मारताना साहेब गोड हसला म्हणे. बाई भोळी आहे, आपणहून सगळं सांगते, असंच त्याला वाटलं असणार.

त्याच दिवशी दहाला तो दबक्या पावलांनी चाळणीच्या खोलीत शिरला. आणि सासूबाईंनी माझ्या हातात एक चावी ठेवली.

"कसली?"

"त्याच्या केबिनची. रोज टॉवेल बदलायला जाते ना मी. आत पंखा आहे, खुर्ची मऊ आहे, आतून कडी आहे. आणि तिकडे डबा नाही, साहेबलोकांना कोण पट्टे बांधतंय? जा. निदान पंधरा मिनिटं तो येत नाही."

दोन टिंबं झालेली, तिसरं लागलं की संपलं, आणि ही बाई मला वाघाच्या गुहेत पाठवतेय. पण छाती ठणकत होती. गेले. कडी लावली, पंखा लावला आणि त्याच्या फिरत्या खुर्चीत बसले. समोर त्याचा पडदा. त्यावर सगळ्यांचे नंबर चालत होते, माझा घडीच्या टेबलापाशी थांबलेला, टिंबाशिवाय. बाहेर आले तेव्हा साहेब चाळणीतून निघाला होता. केस, भुवया, चष्मा, सगळं पांढरं. आमच्या बाजूच्या टेबलावरची बाई म्हणाली, "साहेब, एका दिवसात म्हातारे झालात की!" सगळा हॉल खो खो हसला.

पाच आठवडे हे चाललं. सासूबाईंचा हात असा चालत होता की बघत राहावं. मुलगी रोप घेऊन जहाजाच्या टपावर गेली, तर साहेब आठवडाभर गच्चीवर पाण्याच्या टाकीखाली ओणवा. मुलगी मळक्या ढगांत लपली, तर साहेब मळक्या कपड्यांच्या गठ्ठ्यांत नाक दाबून. मुलगी बंद पडलेल्या पाळण्यात बसली, तर साहेब नादुरुस्त लिफ्टमध्ये जाऊन अडकला, त्याला काढायला मेकॅनिक आला. प्रत्येक गोष्टीत वेळ तीच, दुसऱ्या भोंग्याची. आणि सापडत काहीच नाही म्हटल्यावर त्याची जिद्द वाढत होती. गोष्टी चांगल्याच होत होत्या हो. बायका सोमवारची वाट बघायच्या. मला स्वतःला त्या रोपाचं काय होतंय याची काळजी लागून राहिली होती.

माझ्या मुलीनं त्या पाच आठवड्यांत बाळसं धरलं. मांड्यांना वळ्या पडल्या.

सहाव्या आठवड्यात सासूबाई चुकल्या. त्यांनी रोप जुन्या बॉयलरच्या खोलीत नेलं. त्या खोलीला आदल्याच दिवशी हॉस्पिटलनं मोठं कुलूप ठोकलं होतं, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. साहेब गेला, कुलूप बघितलं आणि तिसऱ्या मिनिटाला परत फिरला.

मी आत. पंप लावलेला. बाहेर पावलं वाजली, मग कडीचा आवाज झाला, मग दार हललं. तिसरं टिंब कशाला, हा तर थेट हाकलण्याचा गुन्हा. मी उठणार होते, एवढ्यात सासूबाईंचा आवाज आला.

"साहेब, थांबा. दार उघडायचं नाही."

"काकू? ही माझी केबिन आहे."

"आहे ना. कोण नाही म्हणतंय?"

"आत कोण आहे?"

मला वाटलं, आता काहीतरी रचून सांगतील. त्यांना काय, एका दमात दहा गोष्टी सुचतात. पण त्या म्हणाल्या, "माझी सून आहे. माझ्या नातीसाठी दूध काढतेय. अजून सात मिनिटं लागतील."

साहेब हळू आवाजात म्हणाला, "म्हणजे तिसऱ्या ड्रायरमागे ती..."

"हेच करायची. घामानं भिजून बादलीवर बसायची. तुम्ही तिथे डबा लावलात, ती दोन दिवस तापानं फणफणली."

"आणि ते रोप?"

"रोप कसलं, साहेब! साडेसहा किलोची पोर आहे."

हे ऐकताना माझ्या डोळ्यांना धार लागली होती, आणि रागही तेवढाच आला होता. स्वतःचाच. बाई एवढी दारात उभी आहे आणि मी आत अंग चोरून बसलेय. मी ठरवलं, घाई करायची नाही. पुरी सात मिनिटं घेतली. बाटलीचं झाकण लावलं, कपडे नीट केले, कडी काढली.

बाहेर अख्खं घडीचं खातं जमलेलं. साहेबाचा चेहरा लालबुंद. "दोघींवर कारवाई होणार," तो म्हणाला. "आत्ता लिहितो. दोघींची नोकरी जाईल, कळतंय का?"

"लिहा," सासूबाई म्हणाल्या. "बसा, मी सांगते, तुम्ही लिहा. मला सवय आहे."

आणि खरंच तो बसला! कागद पुढे ओढला. सासूबाई दारातून, एकेक शब्द सुटा सुटा करत सांगू लागल्या. "सदर कामगार महिलेने मॅनेजरच्या केबिनमध्ये बसून दूध काढले. कारण या इमारतीत झाडूला खोली आहे, तिला नाही. तिने अर्ज केला होता, त्यावर मॅनेजरनेच 'जागा उपलब्ध नाही' असे लिहिले. त्या वेळी मॅनेजर स्वतः गोष्टीतली मुलगी शोधायला बॉयलरकडे गेले होते. लिहिलंत? खाली सही करा, आणि तुमचा 'मंजूर'चा शिक्का मारा."

दोन ओळी लिहून त्यानं कागद फाडला. दुसरा घेतला, तोही फाडला. काहीही लिहिलं तरी तेच लिहावं लागत होतं. शेवटी म्हणाला, "उद्या बघू. चावी द्या."

"देत नाही," सासूबाई म्हणाल्या. "खोली द्या, मग चावी घ्या."

"मी कुलूप बदलीन."

"बदला. मग आम्ही हॉलच्या मधोमध खुर्ची टाकून बसू. लॉन्ड्री बघायला पाहुणे येतात ना तुमचे, त्यांना दाखवा."

त्या दिवशी घरी जाताना मी त्यांना विचारलं, "आई, नोकरी गेली तर? तुमची सव्वीस वर्षं..." त्यांनी मला वाक्य पुरं करू दिलं नाही. म्हणाल्या, "गेली तर गेली. लपूनछपून दूध काढायला आपण काय चोरी केली?" पण त्या रात्री त्या घोरल्या नाहीत, हे मी सांगणारच.

दुसऱ्या दिवशी फलकावर नवं पान होतं. शिक्का नसलेलं. त्यात ना जहाज होतं ना यंत्र. माझं नाव, त्यांचं नाव, माझ्या मुलीचं वय, अर्जाची तारीख आणि शेवटी वेळ आणि जागा. सकाळी दहा, मॅनेजरची केबिन. साहेबानं ते सातला वाचलं असणार, पण काढलं नाही. त्या पानासमोर बायकांची रांग लागली होती, काढतो कसा!

दुसरा भोंगा झाला. आम्ही दोघी चादर अर्ध्यात ठेवून निघालो, हॉलच्या मधून, ड्रायरांच्या समोरून, सगळ्या डब्यांच्या दिव्यांखालून. केबिनचं दार उघडं होतं. साहेब आत खुर्चीत बसला होता, पडद्याकडे बघत. मान वर करेना.

सासूबाईंनी उघड्या दारावर टकटक केली.

"साहेब, दहा वाजले. उठा."

तो उठला.